दळण, जीन्स आणि लेथ मशीन : जॉबवर्क करणाऱ्याचं नाव ऑनलाइन नोंदीत का हवं?

अंबरनाथ (तालुका प्रतिनिधी) :

आपण भात भरडायला किंवा दळण दळायला गिरणीत जातो. धान्य आपलं असतं, गिरण दुसऱ्याची असते. गिरणीवाला भरडून देतो, आपण किलोमागे पैसे मोजतो आणि आपला तांदूळ घेऊन घरी येतो. गिरणीवाल्याने आपल्याला तांदूळ विकलेला नसतो. त्याने आपल्या मशीनचा वेळ, वीज आणि मेहनत विकलेली असते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या कितीतरी लहान कारखान्यांचा धंदा नेमका असाच आहे. कापड शेठचं, शिवणारा दुसरा. लोखंड कंपनीचं, लेथवर घासून देणारा दुसरा. याला आपण ‘जॉबवर्क’ म्हणतो. आपल्या तालुक्यातली पोरं या गाळ्यांमध्ये कामाला जातात. कुणी चार मशीन टाकून स्वतःचं काम सुरू केलंय. गावोगावच्या बायका घरी बसून धागा कटिंग करतात. म्हणजे हा विषय फक्त एमआयडीसीतल्या साहेबांचा नाही, आपल्याही घरचा आहे.

गेल्या काही वर्षांत या धंद्याभोवती ऑनलाइन यंत्रणांचं जाळं तयार झालंय. जीएसटी, ई-वे बिल, उद्यम नोंदणी, समाधान पोर्टल, ट्रेड्स अशी नावं कानावर येतात. बहुतेकांना वाटतं ही सीएची कामं, आपल्याला काय करायचंय? पण कामाचे पैसे वेळेवर मिळणार की नाही, बँक कर्ज देणार की नाही, हे आता याच नोंदींवर ठरतं. म्हणून एकेक गोष्ट सोपी करून सांगतो.

तीन शहरं, एक साखळी

उल्हासनगर म्हणजे पूर्वीचा कल्याण मिलिटरी कॅम्प. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना इथल्या बराकींमध्ये वसवलं गेलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. हातात फारसं भांडवल नसलेल्या लोकांनी घरातच धंदे सुरू केले. पुढे फर्निचर, कपडे आणि जीन्ससाठी हे शहर देशभर ओळखलं जाऊ लागलं.

अंबरनाथची गोष्ट वेगळी. तिथे विम्कोचा काडेपेटीचा कारखाना, धरमसी मोरारजी केमिकल आणि लष्कराची ऑर्डनन्स फॅक्टरी असे मोठे कारखाने आले. १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे अंबरनाथ, बदलापूरला औद्योगिक क्षेत्रं उभी राहिली. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग लागतात, म्हणून आजूबाजूला लेथ, मिलिंग, प्लेटिंग, पावडर कोटिंग करणारे लहान गाळे आले. बदलापूरकडे केमिकल आणि इंजिनिअरिंगचे कारखाने आले.

तिन्ही शहरांत धंदा वेगळा असला तरी रचना एकच दिसते. एक वस्तू तयार होताना ती चार-पाच गाळ्यांतून फिरते आणि प्रत्येक गाळा तिच्यावर एकच काम करतो.

कायदा जॉबवर्कला काय म्हणतो?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जीएसटी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्याच्या मालावर केलेली कोणतीही प्रक्रिया ही ‘सेवा’ आहे. म्हणजे दिवसभर मशीनवर पॅन्टी शिवणारा माणूस कायद्याच्या भाषेत माल विकणारा नसून सेवा देणारा आहे.

याचा परिणाम पहिल्यांदा नोंदणीच्या मर्यादेवर होतो. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. सेवा देणाऱ्याला मात्र ही मर्यादा २० लाखांची आहे. जॉबवर्कवाल्याने ४० लाखांच्या भरवशावर राहू नये. उलाढाल धरताना फक्त आपली मजुरी धरायची, शेठच्या कापडाची किंमत नाही.

दुसरा परिणाम मालकीवर होतो. माल तुमच्या गाळ्यात पडून असला तरी मालक शेठच. तो माल वर्षाच्या आत त्याच्याकडे परत गेला पाहिजे. मशीनसारखी वस्तू वापरायला दिली असेल तर तिच्यासाठी मुदत तीन वर्षांची आहे. मुदतीत परत गेला नाही, तर ज्या दिवशी माल पाठवला त्याच दिवशी शेठने तो तुम्हाला विकला असं धरलं जातं. वादाला तिथूनच तोंड फुटतं.

एका जीन्सचा प्रवास

समजा उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याने डेनिमचे तागे घेतले. कटिंग त्याच्याकडेच झालं. कापलेला लॉट शिलाईला दुसऱ्या गाळ्यात गेला. तिथून काज-बटणाला तिसऱ्याकडे, पुढे वॉशिंगला चौथ्याकडे, शेवटी धागा कटिंग आणि प्रेससाठी पाचव्याकडे.

माल शेठच्या दुकानातून निघतो तेव्हा त्याच्यासोबत डिलिव्हरी चलान असलं पाहिजे. त्यावर कुणाकडून कुणाला, कोणता माल, किती नग, किती किमतीचा हे लिहिलेलं असतं. चलानाच्या तीन प्रती असतात. पहिली, म्हणजे मूळ प्रत, माल घेणाऱ्याची असते. म्हणजे ती जॉबवर्क करणाऱ्याकडे राहिली पाहिजे. बरेच जण ती टेम्पोवाल्याकडेच सोडतात आणि आपल्याकडे फक्त वहीतली कच्ची चिठ्ठी ठेवतात.

ई-वे बिलाबद्दल उगाच भीती असते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही. शिवाय राज्य सरकारच्या जून २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे सूत, कापड आणि कपडे राज्यातच ५० किलोमीटरच्या आत जॉबवर्कसाठी नेले, तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागत नाही. उल्हासनगरहून बदलापूर, वांगणीपर्यंत शिलाईला येणारा माल यात बसतो. चलान मात्र लागतंच. ही सूट लोखंडी पार्टला नाही, हेही लक्षात ठेवा.

यानंतर शेठचा सीए ‘आयटीसी-०४’ नावाचा फॉर्म ऑनलाइन भरतो. कोणाकडे किती माल पाठवला आणि किती परत आला, याचा हिशेब त्यात असतो. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्याने तो वर्षातून एकदा भरायचा, त्यावरच्याने सहा महिन्यांनी.

या फॉर्ममधला एक रकाना आपल्या कामाचा आहे. तिथे जॉबवर्क करणाऱ्याचा जीएसटी नंबर लिहायचा असतो. त्याच्याकडे नंबर नसेल तर फक्त राज्याचं नाव टाकायचं. म्हणजे रात्रंदिवस मशीन चालवून दोन हजार पॅन्टी शिवणारा आपल्या गावचा माणूस त्या सरकारी नोंदीत ‘महाराष्ट्र’ एवढाच उरतो. माल कुठे गेला ते कळतं, काम कुणी केलं ते कळत नाही.

सातबाऱ्यासारखंच आहे हे

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. जमीन कसतो एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, तर कर्ज, अनुदान, भरपाई सगळं नाववाल्याकडे जातं. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्याकडे ई-पीक पाहणी आली. शेतात भात उभा असला तरी ॲपवर पिकाची नोंद नसेल तर पुढे खेटे घालावे लागतात, हे आपण पाहिलंय.

कारखानदारीत हेच काम ‘उद्यम’ नोंदणी करते. १ जुलै २०२० पासून जुन्या उद्योग आधारची जागा उद्यमने घेतली. नोंदणी सरकारी पोर्टलवर होते, फुकट होते आणि कागद अपलोड करावे लागत नाहीत. आधार, पॅन आणि त्याला जोडलेला मोबाईल पुरतो. जीएसटी लागू असेल तर तो नंबर द्यावा लागतो. उद्यमसारखी दिसणारी खासगी संकेतस्थळं हजार-दोन हजार रुपये घेतात. त्यांच्या नादी लागू नका. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का ते बघा.

१ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्यात. मशिनरीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असेल तर तो सूक्ष्म उद्योग. २५ कोटी गुंतवणूक आणि १०० कोटी उलाढालीपर्यंत लघु उद्योग. म्हणजे चार शिलाई मशीनवाला असो की दोन सीएनसीवाला, आपल्याकडचे जवळपास सगळे गाळे सूक्ष्ममध्येच बसतात.

ज्यांच्याकडे जीएसटी नाही आणि धंदा अगदी घरगुती आहे, त्यांच्यासाठी जानेवारी २०२३ पासून ‘उद्यम असिस्ट’ सुरू झालंय. यात बँक किंवा वित्तसंस्थेमार्फत नोंदणी होते. बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जासाठी हे प्रमाणपत्र चालतं.

पैसे अडकले तर?

आता मुद्द्याची गोष्ट. जॉबवर्कवाल्याचं खरं दुखणं दरापेक्षा उधारीचं असतं. लॉट जातो, पुढचा लॉट येतो, तोही जातो, पैसे मात्र ‘सोमवारी बघू’. कारागिराला शनिवारी पगार द्यायचाच असतो. मग माणूस व्याजाने पैसे उचलतो. म्हणजे लहान माणूस मोठ्याच्या धंद्याला बिनव्याजी भांडवल पुरवतो आणि स्वतः व्याज भरतो.

यावर २००६ चा एमएसएमई विकास कायदा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली, तर लेखी करार असेल तेव्हा त्यातल्या मुदतीत पैसे द्यायचे. मात्र ही मुदत ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही. लेखी ठरलेलं नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावं लागतं.

हिशेब करून बघू. समजा दोन हजार पॅन्टी, नगाला ३५ रुपये शिलाई. बिल झालं ७० हजारांचं. मुदत संपल्यावर आणखी सहा महिने पैसे अडकले. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर व्याजाचा दर साडेसोळा टक्के. सहा महिन्यांचं व्याज साधारण सहा हजार रुपये होतं. एका कारागिराच्या दोन-तीन आठवड्यांच्या मजुरीएवढी ही रक्कम आहे.

तक्रारीसाठी ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘एमएसएमई समाधान’ हे पोर्टल सुरू झालं. उद्यम नंबर टाकून, बिल आणि ऑर्डरची प्रत जोडून घरबसल्या अर्ज करता येतो. तो राज्याच्या सुविधा परिषदेकडे जातो. आधी समेट, तो झाला नाही तर लवाद. परिषदेच्या निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कायद्यात ९० दिवसांत निकालाची तरतूद आहे, पण प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो हे धरून चाला.

नोंदणी कधी केली यालाही महत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या एका निकालात काम झाल्यानंतर केलेल्या नोंदणीचा फायदा मागच्या बिलांना मिळणार नाही, अशी भूमिका घेतली. २०२५ मध्ये हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला. आपण त्या वादात कशाला पडायचं? पहिला लॉट घेण्याआधीच उद्यम काढून ठेवावं.

तक्रार केली तर काम बंद होईल, त्याचं काय?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारणार आणि तो बरोबरच आहे. शेठविरुद्ध तक्रार केली की पुढचा लॉट दुसऱ्याकडे जातो. म्हणून कायदा असूनही लोक गप्प बसतात.

दोन यंत्रणा अशा आहेत की ज्यात भांडावं लागत नाही.

पहिली आयकराची. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यात कलम ‘४३ बी (एच)’ लागू झालं. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे कायद्याच्या मुदतीत दिले नाहीत आणि ३१ मार्चला ते बाकी राहिले, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. म्हणजे तेवढा नफा वाढलेला दिसतो आणि त्यावर कर भरावा लागतो. पैसे देईल त्या वर्षी खर्च मिळतो. त्यामुळे मार्च जवळ आला की शेठचा सीएच त्याला सांगतो, ‘यांचे पैसे देऊन टाका.’ पण हे तेव्हाच, जेव्हा शेठच्या खात्यावर तुमचा उद्यम नंबर लागलेला असेल. म्हणून तो बिलावर छापून घ्या.

या कलमावरून २०२४ च्या सुरुवातीला कापड बाजारात बरीच ओरड झाली. काही खरेदीदार नोंदणी नसलेल्याकडे काम वळवतील अशी भीती होती. ती अगदी खोटी नाही. पण एका गल्लीतल्या सगळ्यांनी नोंदणी केली तर वळवणार कुणाकडे? एकट्याने नोंदणी केली तर तो एकटा पडतो. संघटनेने मिळून केली तर तोच बाजाराचा नियम होतो.

दुसरी यंत्रणा ट्रेड्स. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये तिची नियमावली आणली. आरएक्सआयएल, एम-वन एक्स्चेंज, इनव्हॉइसमार्ट असे तिचे ऑनलाइन मंच आहेत. समजा अंबरनाथच्या एका वर्कशॉपने मोठ्या कंपनीला पार्ट घासून दिले. वर्कशॉपने बिल मंचावर चढवलं, कंपनीने ‘बरोबर आहे’ म्हणून मान्य केलं, की बँका त्या बिलावर बोली लावतात. जी बँक कमी व्याज कापेल तिला बिल द्यायचं. पैसे एक-दोन दिवसांत खात्यात येतात. मुदतीला बँक थेट कंपनीकडून वसूल करते. कंपनीने बुडवलं तरी बँक तुमच्याकडे परत मागायला येत नाही.

यात व्याज कंपनीच्या पतीवर ठरतं, वर्कशॉपच्या नाही. म्हणून ते स्वस्त पडतं. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत ट्रेड्सवर नोंदणी करणं सरकारने बंधनकारक केलं होतं. तुमची कंपनी त्यात येत असेल तर त्यांच्या खरेदी विभागाला नम्रपणे विचारा, ‘साहेब, आपण ट्रेड्सवर आहात का?’

लेथवाल्याचा वेळ कंपनीला मोबाईलवर दिसतो तेव्हा

जगात कारखानदारीची दिशा ‘वस्तू विकण्यापेक्षा वस्तूचा उपयोग विका’ अशी चाललीय. याचं जुनं उदाहरण विमानाच्या इंजिनाचं. १९६२ मध्ये, म्हणजे आपली एमआयडीसी झाली त्याच वर्षी, ब्रिटनच्या ब्रिस्टल सिडली कंपनीने इंजिनाच्या देखभालीचे पैसे उड्डाणाच्या तासावर घ्यायला सुरुवात केली. पुढे ही कंपनी रोल्स-रॉईसमध्ये गेली. विमान जितके तास उडेल तितके पैसे. इंजिन बंद पडलं तर नुकसान कंपनीचं. त्यामुळे इंजिन न बिघडण्यात दोघांचाही फायदा झाला. आपल्याकडे ट्रॅक्टर आणि मळणी यंत्र तासावर चालतं, त्यातही थोडंफार हेच आहे.

आता हे मोजमाप मशीनला लावलेल्या सेन्सरने होतं. सीएनसी किती तास चालली, किती नग काढले, कुठे थांबली, हे मोबाईलवर दिसतं. ड्रॉइंग फाईलने येतं, तपासणीचे फोटो आणि मापं त्याच मार्गाने परत जातात. बंगळुरूची २०१८ मध्ये सुरू झालेली झेटवर्क ही कंपनी ग्राहकाची ऑर्डर घेते, काम देशभरातल्या कारखान्यांत वाटते आणि कुठे किती काम झालं ते सॉफ्टवेअरवर पाहते. कारखाना लहान असला तरी मोठ्या ऑर्डरचा एक तुकडा त्याला मिळू शकतो.

यात दोन्ही बाजू आहेत. रिकामं मशीन दिसलं तर काम मिळतं, हा फायदा. पण मशीन रिकामं आहे हे समोरच्याला कळलं तर तो दरही पाडतो. एक नग चार मिनिटांत निघतो हे त्याला दिसलं, की पाच मिनिटांचा दर तो देणार नाही. गिरणीत रांग नाही हे बघून कुणी दळणाचा दर पाडून मागितला तर गिरणीवाला काय म्हणेल? तसंच हे.

म्हणून अशा कामाला हो म्हणताना तीन गोष्टी लेखी घ्या. मशीनची कोणती माहिती समोरचा बघणार? दर किती महिन्यांसाठी पक्का? आणि नग नापास झाला तर मापाचा वाद कोण सोडवणार? आपल्या कामाची माहिती स्वतःकडेही साठवा. चांगल्या कामाचे दोन-तीन वर्षांचे आकडे पुढच्या गिऱ्हाईकाला दाखवता येतात आणि बँकेलाही.

फायदा वाटला, मग घाण कुणी घ्यायची?

आता नदीकडे येऊ. जीन्सच्या साखळीत वॉशिंगला पाणी आणि केमिकल भरपूर लागतं. वालधुनी नदी काकोळ्याच्या डोंगरातून निघते, अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून वाहते आणि उल्हासनगरमधून पुढे कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. तिची अवस्था सांगायची गरज नाही. वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये सांडपाणी केंद्रं आणि पालिकांना मोठा दंड लावला. पुढे २०१८ च्या सुमारास उल्हासनगरच्या जीन्स वॉशिंग कारखान्यांवर बंदची कारवाई झाली. धुणारा थांबला तशी शिवणाऱ्याचीही मजुरी थांबली. साखळीतला एक दुवा तुटला की सगळ्यांना बसतं.

इथेही ऑनलाइन यंत्रणा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना आणि सामायिक सांडपाणी केंद्रांना चोवीस तास ऑनलाइन मोजणी करणारी यंत्रं बसवायला सांगितलं. पण लपून चालणारा वॉशिंगचा गाळा या मोजणीत येतच नाही. नोंद नसलेला कारागीर पैशाला मुकतो, नोंद नसलेला गाळा नदीत सोडून मोकळा होतो.

म्हणून गावातल्या मंडळींना एक सांगणं. कुणी तुमचं शेत किंवा शेड गाळ्यासाठी भाड्याने मागत असेल तर कोणतं काम करणार ते करारात लिहून घ्या. वॉशिंग किंवा डाइंग असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र आधी मागा. भाडं दहा-पंधरा हजार मिळेल, पण विहिरीत रंग उतरला तर ते भाडं कुठवर पुरणार?

घरी काम करणाऱ्या बायकांसाठी

धागा कटिंग, बटण लावणं, पॅकिंग अशी कामं गावात नगावर येतात. मधला ठेकेदार शहरातून पोती आणतो आणि परत नेतो. या बायकांचं नाव चलानावर नसतं आणि बिलावरही नसतं. साखळीत सगळ्यात शेवटी असल्याने दर कमी झाला की पहिला फटका त्यांना बसतो.

इथे बचत गट उपयोगी पडतो. गटाचं बँक खातं आणि पॅन असेल तर गटाच्या नावानेच काम घेता येतं. उद्यम नोंदणीत संस्थेचा प्रकार निवडताना बचत गट हाही पर्याय आहे. मग पोतं गटाच्या नावाच्या चलानावर येईल, पैसे गटाच्या खात्यावर येतील आणि ४५ दिवसांचा कायदा गटाला लागू होईल. एकटीने विचारलं तर ठेकेदार दुसरीकडे जातो, वीस जणींनी मिळून विचारलं तर बसून बोलतो.

ज्यांना पीएफ किंवा ईएसआयसी नाही अशा १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांनी ई-श्रम कार्ड काढावं. कारखान्यात पगारावर असणाऱ्या पोरांनी उमंग ॲपवर दर महिन्याला पीएफ जमा होतोय का ते बघावं. पगारातून कापलाय म्हणजे भरलाय असं समजू नये.

आता काय करायचं?

१. पहिलं काम घेण्याआधी उद्यम नोंदणी करा. फुकट आहे.

२. प्रत्येक लॉटच्या चलानाची मूळ प्रत ठेवा. निदान मोबाईलवर फोटो काढून तारखेनुसार जपा.

३. माल परत देताना नगांची संख्या लिहून सही घ्या. सही मिळत नसेल तर ‘आज एवढे नग दिले’ असा व्हॉट्सॲप मेसेज लगेच टाका.

४. बिल स्वतःचं द्या. त्यावर उद्यम नंबर आणि पैसे देण्याची मुदत छापा.

५. मजुरी यूपीआयने किंवा बँकेतून घ्या. रोख घेतलेल्या पैशाची बँकेकडे काहीच ओळख नसते. मुद्रा योजनेत तारण न ठेवता कर्ज मिळतं. पहिल्यांदा घेणाऱ्याला मर्यादा १० लाखांपर्यंत आहे. तरुण गटातलं कर्ज नीट फेडलेल्यांसाठी ती २०२४ मध्ये २० लाखांपर्यंत वाढली. पण बँक आधी खात्यावरची उलाढाल बघते.

६. ओटीपी कुणालाही सांगू नका. आपल्या नावावर दुसऱ्याने जीएसटी नोंदणी केली तर त्याची नोटीस आपल्या घरी येते.

७. अडचण आली तर ठाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात किंवा आपल्या उद्योजक संघटनेत विचारा. एजंटकडे नंतर जा.

यातलं काही केलं की लगेच दर वाढेल असं नाही. शेठ तोच, मशीन तेच आणि बाजारही तोच राहणार आहे. पण काम केल्याचा पुरावा आपल्या हातात असला तर निदान आपल्या वाट्याचे पैसे मागायला तोंड राहतं. गिरणीत आपण पोत्यावर नाव लिहून ठेवतो ते एवढ्याचसाठी, की आपलं पोतं दुसऱ्याने नेऊ नये.